मी म्हटलं, सुटले

माझ्या धाकट्या सुनेला, झूराला, जुळं झालं ते साल शहाण्णव. बटाटे काढायचे दिवस होते. त्याआधी तिची तीन मुलं पोटातच गेली होती. कळा दुसऱ्या दिवशीही थांबेनात, तेव्हा मी गोठ्यामागे जाऊन ख्रिस्ताला म्हटलं, "पोरगी वाचव, पोटातलं वाचव. पिवळ्या डोक्याची पांढरी मेंढी देईन." मुसलमान घरातून ख्रिस्ती होऊन मला दहा वर्षं झाली होती, पण अडचणीत तोंडातून आजीचाच नवस निघाला.

तिघंही वाचली.

तशी मेंढी आमच्या कळपात एकच होती, आणि चांगली भरलेली. मी हात आखडला नाही. कापली, शिजवली, आणि रविवारी परात घेऊन जुस्तिनाआक्काच्या घरी गेले. आमची मंडळी तिथेच जमायची, बारा-तेरा माणसं. प्रार्थना झाल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, "देवानं ऐकलं. मी नवस फेडला. सुटले."

आमच्या बोलीतला शब्द ‘कुतुलदुम’. संकटातून वाचलेला माणूस हेच म्हणतो. पाहुणे एकदाचे गेले की घरधनीणही दार लावून हेच म्हणते. मंडळीत मात्र या शब्दाला एकच अर्थ होता: तारण झालं. सगळे म्हणाले, "आमेन!" आक्का जर्मन. तिला हा शब्द मंडळीतूनच ठाऊक. तिनं चाचपडत येऊन माझे दोन्ही हात धरले. "बुरुल, दहा वर्षं या शब्दाची वाट पाहिली गं," म्हणाली आणि रडायला लागली.

मला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं. देवाचं देणं दिलं, आता तो त्याच्या घरी, मी माझ्या. मी खाली बघत राहिले आणि तिला रडू दिलं.

त्याला कारण होतं. माझा दीर असानकुल येता-जाता टोमणे मारायचा. "वहिनी, त्या जर्मनीणबाईकडे खुशाल बसा. मेल्यावर मात्र आमच्या कबरस्तानात जागा मागू नका. तुम्हाला काय मग कोबीच्या वाफ्यात पुरायचं?" बायका हसायच्या, मीही हसायचे. पण माझा नवरा त्या कबरस्तानात आहे. मला धास्ती बसली होती. मेंढी देऊन दोन्हीकडून मोकळं व्हायचं, असा माझा हिशेब.

आक्काचे सगळे नातेवाईक जर्मनीला निघून गेले होते. त्याच उन्हाळ्यात तिची नजर पुरती गेली. मला अक्षरं तिनंच शिकवली होती, सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिच्या चुलीशेजारी बसवून. आता दर बुधवारी मी तिला शास्त्र वाचून दाखवायचं, असं ठरलेलं. मेंढीनंतर मी गेलेच नाही. बुधवारी नाही, रविवारी नाही. जुळ्यांचं करायचं असतं, म्हणायचे. एकदा शेजारची गुलसून निरोप घेऊन आली, "आक्का विचारते, बुरुल आजारी आहे का?" मी लोण्याची बरणी पाठवली.

जानेवारीत गुलसून पुन्हा आली. या खेपेला बसली नाही.

"तुझं लोणी फार गोड हो," म्हणाली. "म्हातारी मांडीवर पुस्तक घेऊन बसते. उलटं धरलेलं. मी सरळ करून दिलं, तर म्हणते, राहू दे, बुरुल आली की करेल."

"तू वाचून दाखवायचंस."

"मला म्हणाली, तू गाडी सुटल्यासारखं वाचतेस. बुरुल अडखळते, तेवढ्यात मला विचार करता येतो."

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी गेले. आक्का खाटेवर होती, पाय सुजलेले. माझी पावलं तिनं ओळखली. "ये," एवढंच म्हणाली. का आली नाहीस, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. शब्दाचं, असानकुलचं, कबरस्तानाचं, सगळं. ती म्हणाली, "मेंढी चिवट होती."

"आक्का!"

"होतीच. मला दात नाहीत, मी नुसती चघळत बसले. तुझ्या आनंदाची म्हणून गिळली." मग तिचा आवाज बदलला. "सून त्यानं दिली, पोरं त्यानं दिली, मेंढीही त्याचीच. त्याचं त्यालाच वाढून तू मोकळी झालीस? त्याला तू हवी होतीस, बुरुल. आणि मलासुद्धा."

मी पुस्तक उघडायला घेतलं.

"जिथं उभी राहून बोललीस, तिथंच उभी राहून खरं सांग. रविवारी."

"हसतील गं. आणि असानकुलच्या कानावर जाईल."

"जाईल," ती म्हणाली. "वाच आता."

त्या रविवारी मी गेले. तिची खाट त्याच खोलीत होती. प्रार्थना संपली तसं तिनं तोंड माझ्या बाजूला वळवलं. मी बूट घालून निघून आले. बुधवारी वाचायला गेले. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. बुधवार मात्र मी एकही चुकवला नाही, जणू ती दुसरी मेंढी होती. शेवटच्या बुधवारी एका ओळीवर अडखळले, तेव्हा तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

नंतरच्या रविवारी मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. संध्याकाळपर्यंत असानकुलला कळलं. त्यानंतर तो माझ्या घरी चहाला आला नाही. ज्या बाईला ऐकायचं होतं तिची खाट तोवर भिंतीशी उभी करून ठेवली होती.

जुस्तिना पेन्नर, वय एकोणसत्तर, शुक्रवारी, एकवीस फेब्रुवारी एकोणीसशे सत्त्याण्णव रोजी सकाळी वारली.