चार मिनिटांनी विझते

अहवाल मी बावीस मुद्द्यांचा केला होता. एका टॉर्चसाठी बावीस मुद्दे. आमच्या घरात साध्या आमटीवरही सविस्तर अभिप्राय देण्याची पद्धत आहे, त्यामुळे मला त्यात काही जास्त वाटलं नाही. आज त्यातला शेवटचा मुद्दा आठवला, की कुठे तोंड लपवावं ते कळत नाही.

ही २००८ सालची गोष्ट. येरवड्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरीला होतो आणि तिथल्या सुरक्षा समितीवरही होतो. समितीवर मी हौसेने गेलो होतो, कारण तिथे चुका काढायला मिळत. आमच्या इमारतीच्या तळघरात पंपांची खोली होती आणि तिच्या खाली व्हॉल्व्हचा खोल खड्डा. खड्ड्यात दिवा नव्हता. दुरुस्तीच्या माणसांसाठी बारा दणकट टॉर्च घ्यायचे ठरले, नमुना म्हणून एक आला आणि तो पारखायचं काम मी अंगावर घेतलं.

टॉर्च खरोखर चांगला होता. वीतभर लांबीचा, ॲल्युमिनियमचा, एलईडीचा. वारज्याच्या आमच्या फ्लॅटच्या दुसऱ्या मजल्यावरून मी तो तीनदा खाली टाकला. एक रात्र बादलीत बुडवून ठेवला, एक रात्र फ्रीझरमध्ये मटारांशेजारी. वासंती, म्हणजे माझी बायको, दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता एकदा कुकरला लावा. तेवढंच राहिलंय."

टॉर्चबरोबर एक जोडटोपी होती. मागचं झाकण काढून तिथे ती फिरवून बसवायची. तिच्यात चिप होती. केबलने ती कॉम्प्युटरला जोडली, की उजेड किती हवा, लुकलुकायला हवा का, किती वेळाने आपोआप बंद व्हायला हवा, सगळं ठरवता येई. शिवाय टॉर्च कधी लागला, कधी विझला आणि कशामुळे विझला याची नोंद ती ठेवत असे. मला फार आनंद झाला. सबंध रविवार मी तिच्याशी खेळलो.

त्याच रविवारी मी वेळ लावली. टॉर्च लागल्यावर चार मिनिटांनी आपोआप बंद. मधे बटण अर्धं दाबलं, की चार मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू. का लावली? एक तर त्यामुळे अहवालात 'एका चार्जिंगवर बारा दिवस' असं लिहिता आलं असतं, आणि तो आकडा मला फार आवडला. दुसरं कारण सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, ही माणसं दिवे चालूच ठेवून जातात, यांना अशीच शिस्त लावली पाहिजे. मी स्वतः त्या खड्ड्यात कधी उतरलो नव्हतो.

दोन आठवडे वापरून बघण्यासाठी टॉर्च बद्रीनाथला दिला. बद्रीनाथ वाशीमकडचा, चाळिशीचा, ठेकेदाराकडून आमच्या इमारतीत लागलेला फिटर. पंप, पाइप, व्हॉल्व्ह सगळं तोच बघायचा. त्याला मी टॉर्च दिला, चार्जर दिला आणि बाविसाव्या मुद्द्याचा कागद दिला. 'वापरणाऱ्याचा अभिप्राय'. वेळ लावल्याचं मात्र सांगितलं नाही. त्याला काय कळणार आहे, असं मनात म्हणालोसुद्धा नाही. इतकं ते गृहीतच होतं.

चौथ्या दिवशी तो मला लिफ्टपाशी भेटला. "सायेब, थे बॅटरी मधातच इझून जाते."

"बटण नीट दाबत जा," मी म्हणालो. "पूर्ण दाबायचं. अर्धवट दाबलं की असं होतं." लिफ्ट आली आणि मी आत गेलो. वेळेची आठवण मला झाली नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं तर लिफ्टमध्येच झाली होती. पण परत खाली जाऊन, टोपी काढून, केबल जोडून ते बदलायचं म्हणजे बारा दिवसांचा आकडा गेला असता.

अहवाल द्यायच्या दिवशी बद्रीनाथ दुसऱ्या इमारतीत कामाला होता. त्याच्या कागदाची वाट बघत बसण्यापेक्षा मी दुसरा कोरा कागद घेतला आणि बाविसावा मुद्दा स्वतःच भरला. 'समाधानकारक.'

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता बद्रीनाथ व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पडला. लोखंडी शिडीवर उभा राहून तो दोन्ही हातांनी व्हॉल्व्ह फिरवत होता, टॉर्च छातीशी अडकवलेला. टॉर्च विझला. बटण दाबायला त्याने एक हात सोडला आणि पाय निसटला. उजवं मनगट मोडलं.

गुरुवारी समितीची बैठक झाली. त्याआधी मी टॉर्च घेऊन आलो आणि टोपी लॅपटॉपला लावली. नोंदी सरळ होत्या. सतरा दिवसांत एकसष्ट वेळा टॉर्च वेळ संपून विझला होता. शेवटची नोंद मंगळवारची, अकरा वाजून तीन मिनिटांची. मी लॅपटॉप मिटला आणि बैठकीला गेलो.

ठेकेदाराचा सुपरवायझर संभाजी म्हणाला, बद्रीनाथने टॉर्च चार्ज केला नसणार, निष्काळजीपणा आहे, असा माणूस आम्हाला पुढे ठेवता येणार नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "श्रीनिवास, उपकरणात काही दोष?"

मी म्हणालो, "उपकरणात दोष आढळला नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. उपकरण सांगितलं तेच करत होतं. मराठी नेमकं वापरण्याचा मला आयुष्यभर गर्व होता, तो असा कामी आला. बद्रीनाथला कामावरून काढायचं ठरलं आणि बिस्किटं आली. मी दोन खाल्ली.

नऊ दिवस मी गप्प राहिलो. दहाव्या दिवशी वासंतीला सगळं सांगितलं, मुद्देसूद, तारखांसकट. तिने भाजी चिरता चिरता ऐकलं.

"म्हणजे माझ्यापुढे अहवाल वाचलात," ती म्हणाली. "त्याचा पत्ता आहे का आपल्याकडे?"

शनिवारी दुपारी मी वाघोलीला गेलो. नव्या इमारतींच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची ओळ होती, त्यात त्याची खोली सापडली. हात गळ्यात बांधलेला. "बसा सायेब," म्हणून त्याने खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर टेकला. त्याची बायको सुशीलाबाई चहा ठेवायला उठली. चहा नको असं म्हणायचंही मला धैर्य झालं नाही. मी सांगून टाकलं. चार मिनिटांची वेळ मी लावली होती. तुला सांगितली नाही. बैठकीत बोललो नाही.

बद्रीनाथने गळ्यात बांधलेला हात सावरला. मग म्हणाला, "मले मालूम होतं."

"काय माहीत होतं?"

"चार मिनिटाचं. मी घड्याळ लावून पायलं ना. मंग मोजत जायचो. दोनशे मोजले का बटण दाबायचो. थ्या दिवशी वरून संभाजीसायबानं आवाज देला, अन् मोजणं चुकलं."

"मग मला परत का नाही सांगितलंस?"

"सांगतलं होतं ना एकडाव." त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मले वाटलं, सायबानं तसं ठेवलं म्हंजे काही कारण असन."

कारण होतंच. अहवालात बारा दिवस लिहायचे होते.

सुशीलाबाईंनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि कोनाड्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, मुलीचा शाळेचा दाखला, आणि त्यात घडी घातलेला माझा कागद. बाविसावा मुद्दा. इंग्रजी रकान्याखाली निळ्या पेनने मराठीत लिहिलं होतं: 'उजेड चांगला आहे. चार मिनिटांनी विझते. सायबाले सांगतलं.' खाली तारीख. लिफ्टपाशी भेटला होता त्याच दिवसाची.

"हा कुणाला का दाखवला नाहीस?" मी विचारलं.

"तुमीच मांगितला नाही," बद्रीनाथ म्हणाला. "अन् बाकीच्यायले दाखवून तुमचंच नाव खराब झालं असतं."

मी म्हणालो, दे तो कागद, सोमवारी मी समितीपुढे ठेवतो. त्याने लगेच पुढे केला. सुशीलाबाईंनी मधेच हात घालून तो काढून घेतला.

"झेरॉक्स न्या तुमी," त्या म्हणाल्या. "मूळ कागद आमच्यापाशी राहू द्या."

"अवं, सायेब हायेत," बद्रीनाथ म्हणाला.

"म्हूनच," त्या म्हणाल्या.

झेरॉक्सचं दुकान हमरस्त्यावर होतं. त्या माझ्याबरोबर आल्या. वाटेत कागद हातातून सोडला नाही. दुकानात त्यांनी तो काउंटरवर ठेवला, पण वर बोटं तशीच दाबून धरली.

"आधी याच्यावर लिवा," त्या म्हणाल्या. "त्यायनं सांगतलं होतं, असं. खाली सही."

मी पेन काढलं. आयुष्यात इतके अहवाल लिहिले, पण काही लिहायला कधी एवढा वेळ लागला नव्हता. 'बद्रीनाथ यांनी मला सांगितले होते. मी लक्ष दिले नाही. वेळ मीच लावली होती.' त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. मग दुकानदाराला म्हणाल्या, "दोन काढा. एक यायले, एक ठेकेदाराले मी सोता नेऊन देते."

सोमवारी मी प्रत आणि टोपीतल्या नोंदी समितीपुढे ठेवल्या. अध्यक्ष म्हणाले, हे आधी बोलला असता तर आपसात मिटवता आलं असतं. मला समितीवरून काढलं, ते योग्यच झालं. बद्रीनाथवरचा ठपका पुसला, दवाखान्याचा खर्च कंपनीने केला आणि हात बरा झाल्यावर त्याला परत कामावर घेतलं.

तो आला त्या दिवशी मी त्याच्याबरोबर तळघरात गेलो. पहिल्यांदाच. खड्डा मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट खोल होता. शिडीचे गज ओले होते. मी त्याच्यासमोर टॉर्चची टोपी काढली, मूळचं साधं झाकण बसवलं आणि टोपी खिशात टाकली.

"आता हा आपोआप विझणार नाही," मी म्हणालो. "तू बंद करशील तेव्हाच बंद."

"हो सायेब," तो म्हणाला.

त्याने टॉर्च छातीशी अडकवला आणि खाली उतरला. मी काठावर उभा राहून बघत होतो. दोन्ही हात व्हॉल्व्हवर, मनगटावर अजून पट्टी, आणि ओठ हलत होते. थोड्या वेळाने त्याने डावा हात सोडला, शिडीला कोपर अडकवून छातीवरचं बटण अर्धं दाबलं, हात परत व्हॉल्व्हवर ठेवला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला.