अनसूयाबाईंचं पहिलं मंडल

अनसूयाबाईंनी एकतीस वर्षं भिवंडीतल्या एका शाळेत भूमिती शिकवली. निवृत्त होऊन चार महिने झाले आणि त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांना आकारमानाप्रमाणे क्रमांक घातले, तेव्हा त्यांच्या भाचीनं, अपूर्वानं, न विचारताच त्यांचं नाव मंडलं काढायला शिकवणाऱ्या क्लासला देऊन टाकलं.

"मंडल म्हणजे वर्तुळच ना? मग मी तिथे काय नवीन शिकणार?" बाई म्हणाल्या.

"ते जाऊन बघ, मावशी. आणि डब्यांना हात लावू नकोस."

क्लास दर शुक्रवारी चार वाजता असायचा. शुक्रवारी यंत्रमाग बंद, त्यामुळे खालचा कारखाना शांत आणि वरच्या खोलीतली टेबलं थरथरत नाहीत. बाई जिना चढून वर पोचल्या, तशी शिकवणारी मुलगी पेन ठेवून ताडकन उभी राहिली.

"बाई, तुम्ही?"

ती मेहविश होती, बारा वर्षांपूर्वीची दहावी ब. कंपास पेटी आणली नाही म्हणून बाईंनी तिला कितीदा वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते दोघींनाही चांगलं आठवत होतं.

"बस," बाई सवयीनं म्हणाल्या. मग सावरून, "म्हणजे, मी कुठे बसू?"

खोलीत सातआठ बायका होत्या. मेहविश बोलायला लागली, पण नजर सारखी बाईंकडे जात होती. "आधी मधला बिंदू. आपलं मन जिथे रमतं, ती गोष्ट तिथे काढायची. मग तिच्याभोवती एकेक वेढा. तेच तेच काढत गेलं की डोकं आपोआप शांत होतं. जुन्या मंडलांना चारी बाजूंनी दारं असतात. आपणही एखादं ठेवायचं, आत यायला."

बाईंनी वीस मिनिटांत पाच वर्तुळं, बारा समान भाग आणि चोवीस पाकळ्या काढल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. "झालं."

मेहविशनं कागद उचलून नीट बघितला. "सुंदर आहे, बाई. पण झालं नाही."

"कुठे चुकलं?"

"चुकलं काहीच नाही. पुस्तकातली आकृती आहे ही. यात तुम्ही कुठे आहात?"

बाईंनी मधल्या बिंदूकडे पाहिलं. तिथे त्यांनी केंद्राचा 'क' लिहिला होता. उरलेला वेळ बाई त्या 'क'कडे बघत बसल्या आणि घरी आल्यावर चिडचिड करत राहिल्या. देव काढावा तर तो सगळ्यांचाच. खडू काढावा तर ती नोकरी झाली. अपूर्वानं कमळ सुचवलं. "माझा आणि कमळाचा काय संबंध?" बाई म्हणाल्या. आपल्याला नक्की काय आवडतं, हे इतक्या वर्षांत आपल्याला कुणी विचारलं नाही आणि आपणही स्वतःला विचारलं नाही, हे त्यांना भाजी चिरताना जाणवलं आणि जरा वाईट वाटलं.

गुरुवारी बाजारात एका हातगाडीपाशी त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या एकट्याच हसल्या, पाव किलो घेऊन घरी आल्या आणि थेट कागद पुढे ओढला. कंपास पेटीतच राहिला.

शुक्रवारी त्यांनी तो कागद मेहविशसमोर ठेवला. मधे चिंचेचं बुटूक, जरा वाकडं. भोवती चिंचोके, मग चिंचेची बारीक पानं. हातानं काढल्यामुळे शेवटच्या वेढ्यात एका पानाला जागा पुरली नव्हती. तिथे बाईंनी दार ठेवलं होतं.

"चिंच?" मेहविश म्हणाली. "माझ्याकडून किती चिंचा काढून घेतल्या होत्या तुम्ही. फेकून देते म्हणायचात."

"फेकल्या नाहीत. स्टाफरूममध्ये मीठ लावून खाल्ल्या. तुझ्या एकटीच्याच नाहीत, सगळ्यांच्या."

मेहविश इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत सहज बोलून गेली, "ती कंपास पेटी होती ना, बाई, घरात एकच होती. मोठा भाऊ ओसामा तेव्हा बारावीत, दोघांची वेळ एकच. तो घेऊन जायचा."

बाई म्हणाल्या, "मी कधी विचारलं नाही तुला."

"नाही."

"विचारायला हवं होतं."

"जाऊ द्या. म्हणून तर हातानं गोल काढायला शिकले."

शेजारच्या टेबलावर जोहरा नावाची एक बाई मघापासून खोडत होती. तिला सोळा पाकळ्या हव्या होत्या, पण पंधरातच जागा संपत होती. मेहविशलाही अंदाजानंच काढायची सवय. बाईंचे हात शिवशिवले, पण त्यांनी आधी मेहविशकडे बघितलं.

"मी दाखवू का?"

"दाखवा की."

बाईंनी गोल कापलेला कागद घेतला, अर्धा दुमडला, पुन्हा अर्धा, असा चार वेळा, आणि उलगडला. घड्यांच्या रेघा मोजल्या तर बरोबर सोळा. सगळ्या बायका कागद दुमडायला लागल्या. मेहविशनंही एक घेतला आणि चौथी घडी घालताना जीभ दातांत धरली.

"असंच ना, बाई?"

"कड कडेला लाव," बाई म्हणाल्या. "हं. आता बरोबर."

तेवढ्यात चहा आला आणि जोहरानं कप बाजूला सरकवून आधी सोळावी पाकळी रंगवून घेतली.