जिवंत लेकीच्या भाताचा वाडगा

मित्रांनो, मी काशाचा एक जुना वाडगा आहे. झाकणासकट. बिनझाकणाच्या वाडग्यांत मला मोजलेलं खपत नाही.

मला तापवून, ठोकून घडवलं. बोंगनिम लग्न होऊन गुनसान या बंदराच्या गावी सासरी आली, तेव्हा तिच्या आईने मला सोबत दिलं. "भात शेवटच्या घासापर्यंत ऊन राहतो हो याच्यात!" असं तिचे सासरे म्हणत, आणि ते सहसा कशालाच चांगलं म्हणत नसत.

मग बोंगनिमला मुलगी झाली. बाळंतीण तापाने फणफणली होती. शुद्धीवर आली तेव्हा सासू म्हणाली, "मूल गेलं. तुझ्या नशिबात नव्हतं." बाळाचं तोंडही पाहू दिलं नाही.

आमच्याकडे तान्ह्या बाळाचं श्राद्ध कोणी घालत नाही. बोंगनिम घालायची. दर वर्षी त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार लावून ती मला भाताने भरायची, मेलेल्यांसाठी रोवतात तसा त्यात चमचा उभा रोवायची आणि जमिनीला डोकं टेकायची. बाकीचं वर्ष मी फडताळात काळवंडत पडलेला. घरात स्टीलचे वाडगे आले. सासू-सासरे गेले, पुढे नवराही गेला. माझी आठवण कोणाला होणार?

आणि एके दिवशी फोन आला. मुलगी जिवंत होती! सासूने तिला परस्पर दत्तक देऊन टाकलं होतं, थेट डेन्मार्कला. लिस्बेट तिचं नाव. तिने शोधत शोधत आईला गाठलं होतं, आणि आता ती कायमची गुनसानला राहायला येत होती. फोन ठेवून बोंगनिमने फडताळ उघडून मला बाहेर काढलं. मित्रांनो, माझीही मती गुंग झाली. मग इतकी वर्षं मी कोणाचं श्राद्ध घालत होतो?

लिस्बेट आली त्या दिवशी बोंगनिमने मला घासघासून लखलखीत केलं. बोंगनिमची धाकटी बहीण गेसुनही आली होती. माझ्यात भात आणि शेजारी बशीत मासा वाढला. लिस्बेट हसली आणि माशाची बशी दोन्ही हातांनी घ्यायला तिने चमचा सरळ भातात उभा खुपसला.

गेसुन किंचाळलीच. "अगं बाई! काढ तो, काढ! ताई, बघ काय केलं हिने! मेलेल्याच्या पानात रोवतात तसा!"

बोंगनिमचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी... वाईट केलं?" लिस्बेटने शिकलेले शब्द जोडजोडून विचारलं. मग ती उठली, पिशवी उचलली. "मी इथली नाही. मी जाते."

ती दारापाशी पोचली आणि बोंगनिमने धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"तू नाही गं केलंस वाईट! मीच रोवत आले. दर वर्षी. जित्या लेकराच्या भातात!" ती ऊर फुटून रडू लागली. "गेसुन, तू गप! पोरी, बस. जेव. माझ्यासमोर जेव."

लिस्बेटला सगळं कळलं नसावं. पण ती बसली. बोंगनिमने चमचा उपटून तिच्या हातात दिला, तिने चमच्यात घास घेतल्यावर माशाचा काटा काढून तुकडा त्यावर ठेवला, आणि ती चावते आहे, गिळते आहे, हे डोळे फाडून बघत राहिली.

मित्रांनो, आम्हा जुन्या भांड्यांना फडताळात टाकू नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठी विनवणी आहे. कोणाच्याही आईला तिचं मूल गेलं असं सांगितलं, तर तिला ते एकदा पाहू द्या हो!