शेवट सांगायचा नाही

सानिकाला स्वतःला भुतांची भीती कधी वाटली नाही, पण दुसऱ्याला ती वाटायला लावण्यात तिचा हात धरणारं रत्नागिरीत कुणी नव्हतं. दिवसभर ती एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. आत मशीन सुरू झालं की बाहेरची माणसं खुर्चीत आखडून बसत, आणि ही बया मोबाईलवर कुठल्यातरी किल्ल्याच्या तळघरात रमलेली असे. इंटरनेटवर फुकट वाचायला मिळणाऱ्या भयकथा हुडकायचं तिला वेडच होतं. हौशी लेखकांनी टाकलेल्या, जुन्या विलायती कथांची कुणीतरी जीव ओतून केलेली भाषांतरं, कधीच बंद पडलेल्या ब्लॉगांवर धूळ खात बसलेल्या. त्यातल्या निवडक कथा ती आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. ग्रुपचं नाव 'फुकटची भीती'.

शिफारस करायची तिची एक रीत होती. कथा किती लांब, जेवणाआधी वाचावी की नंतर, घरात एकटं असताना वाचली तर काय होईल, हे सगळं ती खुसखुशीत लिहायची. शेवट मात्र मेली तरी सांगायची नाही. शेवट सांगणाऱ्याला आणि ताटातली तळलेली सुरमई पळवणाऱ्या मांजराला एकच शिक्षा, असं तिने ग्रुपवर पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं. लोकांना ते आवडायचं.

ग्रुप काढला तेव्हा माणसं कमी म्हणून तिने झाडून सगळे नातेवाईक त्यात घातले होते. त्यातच नाटे नावाच्या बंदरगावातली तुळसामावशी आली. मावशीची शाळा चौथीपर्यंतची. मोबाईल तिच्या लेकाने, रितेशने, अक्षरं मोठी करून दिलेला. ती ग्रुपवर कधी काही बोलली नव्हती, आणि ती वाचत असेल असं सानिकाच्या मनातही आलं नव्हतं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यात गेल्या, आणि रितेश जाळं ओढताना पाण्यात पडला. होडी चालवणाऱ्या बाबू तांडेलाच्या डोळ्यांदेखत लाटेने त्याला खाली घेतलं. सगळ्या कोळीवाड्याने शोध घेतला, पण हाती काही लागलं नाही. घरात उरल्या तुळसामावशी, रितेशची बायको नम्रता आणि त्यांची लहान लेक. नम्रता रडून रडून आजारी पडली. मावशीच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, आणि त्याचीच लोकांना जास्त काळजी वाटत होती.

मग एके दिवशी मावशीचा आवाजी मेसेज आला. "बाय सानिका, दर्यातून परत येनाऱ्यांच्या गोष्टी हायत काय गो तुज्याकडं? फुकटच्या?"

सानिकाला भरून आलं. मावशी मन रमवायला बघतेय, आणि त्यासाठी आपल्याकडे आलीय. दुसरी एखादी शहाणी असती तर तिने अभंग पाठवले असते. सानिकाने एक कथा पाठवली, बुडालेला नवरा अंगणात ओली पावलं उमटवतो ती. मग दुसरी, दीपगृहावरच्या बहिणीला हाक मारत येणाऱ्या भावाची. मावशी वाचून काय काय विचारायची. दाराला कडी व्हती काय गो? त्याला नावानं हाक कोन मारी, आई की बायको? भरतीला की ओहोटीला? इतक्या बारकाईने वाचणारं माणूस सानिकाला आजवर भेटलं नव्हतं. 'नाट्याच्या आमच्या एका वाचक मावशी विचारतात,' असं म्हणून तिने हे प्रश्न कौतुकाने ग्रुपवरसुद्धा टाकले. त्यावर बदामांचा पाऊस पडला.

नम्रताचा फोन आला तेव्हा सानिकाचं कौतुक खाडकन उतरलं.

"सानिकाताई, तुमी सासूबाईंना काय धाडताव ते बंद करा," नम्रता म्हणाली. "त्या पुतळा करू देत नायत."

दर्यात गेलेल्या माणसाचा देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करतात, त्यालाच तो माणूस समजून अग्नी देतात आणि पुढचं दिवसकार्य करतात. त्याशिवाय गेलेला सुटत नाही आणि मागे राहिलेलेही सुटत नाहीत. भटजींनी दिवस काढून दिला होता, भावकी जमली होती, आणि मावशीने सगळ्यांना अंगणातून परत पाठवलं होतं. तो यायचा हाय, म्हणाली. पुढचं दार ती लावूच देत नव्हती. आणि कुठल्याशा गोष्टीत लेकराची हाक दर्यापार पोचते म्हणून रोज ओहोटीला नातीला किनाऱ्यावर उभी करून 'बाबा, बाबा' ओरडायला लावत होती.

"पोर झोपेत किंचाळते वो," नम्रता म्हणाली. "पुतळा झाला नाय तर मी हिला घेऊन खेडला माहेरी जाईन. परत यायची नाय."

ती कथा सानिकानेच पाठवली होती. तिने दवाखान्यात रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

नाट्याला पोचली तेव्हा मावशी पडवीत बसून बोंबील निवडत होती. दार सताड उघडं. तिचा चेहरा बघून सानिका चरकली. लेक गेलेल्या बाईचा तो चेहरा नव्हता. गणपतीला मुंबईहून येणाऱ्याची वाट बघणाऱ्या बायांचा असतो तसा तो होता.

"आलीस काय गो? बस. तू धाडलेल्या सगळ्या वाचल्या मी. सगळीकडं येतोच बग तो. एक गोष्ट अशी नाय की आला नाय."

"मावशी, शेवट वाचलास काय त्यांचा?"

"शेवट कशाला? तो दारात आला की मी वाचायचं बंद करते. आला म्हंजे झाला."

सानिका थक्क झाली. शेवट झाकून ठेवण्यात तिची सगळी हुशारी गेली होती, आणि इथे शेवटापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा आपला नेम मोडला. ओल्या पावलांचा नवरा बायकोला ओढून विहिरीत नेतो, म्हणाली. दीपगृहावरचा भाऊ दिवा विझवतो आणि चार होड्या खडकावर फुटतात. ज्या पोराच्या हाकेने बाप येतो, ते पोर सकाळी बिछान्यात नसतं.

मावशी बोंबील निवडत राहिली. पोराचं ऐकून तिचा हात जरा थबकला. "पोरीला नाय नेनार तो," ती म्हणाली. "लय जीव तिच्यावर. मला नेईल. नेऊ दे की. मी कशाला ऱ्हायलेय हितं?"

आतल्या खोलीच्या दारात नम्रता उभी होती, लेकीला कमरेशी घट्ट धरून. कोपऱ्यात तिची बॅग भरलेली दिसत होती. सानिकाच्या पोटातली कथांची शिदोरी संपली होती. वाचलेल्या शेकडो शेवटांतला एकही या बाईला भीती घालू शकत नव्हता. तेव्हा जिने जन्मात एक ओळ लिहिली नव्हती त्या सानिकाने तिथल्या तिथे एक शेवट रचला.

"आणखी एक आहे मावशी. ती मी तुला पाठवली नव्हती. त्यात आईच्या हाकेने मुलगा येतो. दारात उभा राहतो. कपडे त्याचेच, ताईतसुद्धा त्याचाच. आई धावत जाते, त्याचं तोंड हातात धरते. पण तो तिला ओळखतच नाही. कारण तो तो नसतोच. दर्यातलं कुणीतरी त्याचं अंग पांघरून आलेलं असतं. आणि खरा मुलगा तिकडे पाण्यातच तळमळत राहतो, कारण आईने त्याला सोडलेला नसतो."

मावशीच्या हातातला बोंबील खाली पडला.

"वळखत नाय?" तिने विचारलं. "आईला?"

"नाही."

 मावशीचं इतके दिवस अडलेलं रडू एकदम फुटलं. सानिकाने तिला कुशीत घेतलं, नम्रताही धावत आली, आणि तिघी पडवीत बसून रडल्या. भावकीला निरोप गेला. पुतळा झाला, अग्नी दिला, दिवसकार्य झालं. नम्रताने बॅगेतले कपडे काढून कपाटात लावले. रत्नागिरीला परतताना सानिकाला वाटलं, चला, आपल्या भुतांनी एकदा तरी कुणाचं भलं केलं.

तसं तिला फार दिवस वाटलं नाही. नम्रता फोनवर एकेक सांगू लागली. मावशी आता दिवसाढवळ्या दाराला कडी घालते. रितेशचा फोटो तिने भिंतीवरून उतरवला. नातीने बाबांचं नाव काढलं की तिच्या तोंडावर हात ठेवते. जिची सगळी आशा त्या दाराशी बसली होती, ती म्हातारी आता स्वतःच्या लेकाला भिते. मी खोटं सांगितलं होतं, असं म्हणत सानिका फोनवर रडली, शपथा घातल्या, पण मावशीने ऐकलं नाही. "तू आता माजं मन राखायला बोलतंस," एवढंच म्हणाली.

आणि मग दर्याने रितेशला परत दिला. कड्याखाली शिंपल्यांतली कालवं काढायला गेलेल्या बायांना तो खडकांच्या कपारीत अडकलेला सापडला. ओळखू येण्यासारखं फार उरलं नव्हतं, पण करदोटा होता आणि त्यात ओवलेला चांदीचा ताईत होता. बाबू तांडेलाने ताईत बघताच डोक्याला हात लावला. सरकारी सोपस्कार उरकून पांढऱ्या कापडात बांधलेला देह घराशी आणला तेव्हा टळटळीत दुपार होती. निरोप मिळताच नाट्याला आलेली सानिका बरोबरच होती. अग्नी पुतळ्याला देऊन झाला होता खरा, पण खरा देह आल्यावर आईने तुळशीचं पान ठेवल्याशिवाय पुढे कसं न्यायचं?

मावशीने खिडकीतून बघितलं आणि आत जाऊन कडी घातली.

नम्रताने दार ठोठावलं. बाबू तांडेल म्हणाला, "गो काकी, उघड. हाडं तरी त्याचीच हायत गो." भटजी म्हणाले, उशीर होतोय. सानिका दाराच्या फटीला तोंड लावून ओरडली, "मावशी, तो खरंच आलाय गो! आपला रितेश आहे! ती गोष्ट मी रचली होती, देवाशप्पथ माझी होती ती!"

आतून मावशीचा आवाज आला, अगदी दाराला चिकटून. घाबरलेल्या लेकरासारखा बारीक.

"ताईत त्याचाच हाय काय?"

"हो मावशी! त्याचाच!"

"मग तोच तो, गोष्टीतला. घेऊन जावा त्याला. माजा पोरगा हितं यायचा नाय."

आणखी थोडा वेळ सगळे थांबले. नम्रताने अंगणातल्या तुळशीचं पान तोडलं आणि सासूच्या वाटचं म्हणून स्वतःच कापडावर ठेवलं. चौघांनी तिरडी उचलली. उंबऱ्यासमोरून वळताना आतून मावशीने कडी नीट बसलीय ना हे बघायला दार दोन्ही हातांनी ओढून पाहिलं, आणि तो आवाज खांदा देणाऱ्यांनाही ऐकू आला.