खाली ये

टिंग. चमचा वाटीच्या काठाला लागला आणि हेडफोनमधली शांतता मोडली.

तोवर मी नुसती आमचीच खोली ऐकत होते. पंख्याची घरघर, दूर कुणाच्या तरी नळाचं पाणी. रविवारची सकाळ होती. नवरा लेकीला घेऊन केस कापायला गेला होता, सासूबाई बाजारात. असा तास मला महिन्यातून एखादाच मिळतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी गुरुवारचं शूटिंग सांधायला बसले होते.

आमच्या कॉलेजच्या गटाचा कॅमेरा चारी दिशांनी बघणारा. पुढे एक भिंग, मागे एक भिंग. खोलीच्या मधोमध स्टँडवर उभा करायचा, चालू करायचा आणि सगळ्यांनी घराबाहेर पडायचं, कारण त्याच्या मागे लपायला जागाच नसते. मग बघणाऱ्याने तो मोठा चष्मा डोळ्यांवर चढवला, की तो थेट त्या खोलीत उभा. मान वळवेल तिकडचं दिसणार.

सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं होतं दोनतोंड्या.

"आणि फोटो काढणार कोण?" त्यांनी विचारलं होतं.

"तो आपला आपणच काढतो, आई."

"कुणी माणूस नाही, काही नाही. मग तो बघतो कुणासाठी?"

आम्ही गटातले चौघं हसलो आणि बाहेर गल्लीत जाऊन भिंतीला टेकून उभे राहिलो. आता कळतं, त्यांच्या लेखी शूटिंग तिथेच संपलं होतं. त्यांच्यासाठी कॅमेरा म्हणजे कॅमेऱ्यामागचा माणूस. माणूस गेला की उरला नुसता स्टँड. त्यांनी रोजच्यासारखी वाटी घेतली आणि माझ्या सासऱ्यांना भरवायला बसल्या.

सासरे चार वर्षांपूर्वी झटका आल्यापासून खाटेवर आहेत. एक अंगठा सोडला तर हातपाय हलत नाहीत, बोलत नाहीत. "त्यांना फारसं कळत नाही," असं डॉक्टर म्हणाले होते, आणि आम्हा सगळ्यांना ते सोयीचं होतं. सासूबाई रोज दुपारी त्यांना मऊ भात भरवतात आणि भरवता भरवता हळू आवाजात काहीतरी बोलत राहतात. अख्खी वसाहत त्याचं कौतुक करते. मीही करायचे. त्याच वेळी माझी लेक, टिकली, खाटेखाली खेळत असते. ती आजीजवळ सुखात असते, म्हणून तर मी लग्नानंतर पुन्हा कॉलेजला जाऊ शकले. वर्गातली पोरं मला काकू म्हणतात. आमच्या गटाचा म्होरक्या, ज्याला सगळे डायरेक्टर म्हणतात, तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे.

वसाहतीवर माहितीपट करायचा, ही कल्पना माझीच. इथली माणसं पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातून आली. तिकडे त्यांची घरं जाळली होती. मालगाडीच्या डब्याएवढ्या एका मोठ्या ट्रकमध्ये बसून ती सगळी सीमेवरचा नाका ओलांडून इकडे आली. वसाहतीच्या सभागृहात भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय: जेवढे चढलो, तेवढे पोचलो. हेच आमच्या फिल्मचं नावही ठरलं होतं.

आणि फिल्मचा धागा होता एक शब्द. हा शब्दही मीच दिला. मी बाहेरून लग्न करून आलेली, त्यामुळे मला तो खटकला होता. वसाहतीत कुणी "उतर" म्हणत नाही. बसमधून उतरत नाहीत, खाली येतात. ताप उतरत नाही, जातो. जिन्यावरून, झाडावरून, कडेवरून, सगळीकडून फक्त "खाली ये". टिकली नुकती चालायला लागली होती तेव्हा एकदा टेबलावर चढली आणि मी ओरडले, "उतर आधी!" सासूबाईंनी गॅस बंद केला आणि स्वयंपाकघरातून निघून गेल्या. रात्रीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. शेजारणीने मग मला समजावलं, "अगं, आपण वर आलेली माणसं. आपल्यात उतरणं म्हणत नाहीत."

डायरेक्टर हे ऐकून उडालाच. "काकू, भारी! हा आपला हुकमी एक्का." मग आम्ही एकेका म्हाताऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवून विचारलं. सगळे गोड हसले आणि सगळ्यांनी तेच सांगितलं: आपण वर आलेली माणसं. त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. आम्हाला वाटलं, काय एकी आहे.

टिंग.

"आ करा. हां. तर कुठे होतो आपण? नाक्याच्या अलीकडे." हेडफोनमध्ये सासूबाईंचा आवाज टिकलीला गोष्ट सांगतात तसाच होता. "ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, अंगावर गोवराचे डाग असलेलं पोर नाक्यावर दिसलं, तर अख्खी गाडी माघारी. मग सगळे कुणाकडे बघायला लागले? तुमच्याकडे. गिळा. घाई नाही."

टिंग.

"कुणी काही बोललं नाही हो. नुसते बघत राहिले. मग तुम्ही तिला उचललंत, खाली ठेवलंत, बंद दुकानाच्या पायरीवर. म्हणालात, उतर बाळा, पाणी घेऊन येतो. किती गोड आवाज होता तुमचा तेव्हा! आता एक अक्षर फुटत नाही. आ करा."

मी पडद्याकडे बघत होते. पुढच्या भिंगाचं चित्र आणि मागच्या भिंगाचं चित्र जिथे जुळतात तिथे शिवण येते. ती दिसू न देणं हे माझं काम. त्या खोलीत शिवण नेमकी खाटेवरून गेली होती. सासऱ्यांचा अर्धा चेहरा एका चित्रात, अर्धा दुसऱ्यात. मी दोन्ही अर्धे एकमेकांजवळ आणले. चेहरा पूर्ण झाला तेव्हा दिसलं, की डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि ते थेट बायकोकडे बघतायत. फारसं न कळणाऱ्या माणसाचे डोळे नव्हते ते.

"ती म्हणाली, बाबा, माझी एक चप्पल वरच राहिली. तुम्ही म्हणालात, देतो हं." सासूबाईंनी रुमालाने त्यांचे डोळे पुसले, मग ओठ पुसले. "दिलीत? नाही ना दिलीत? बरं. संपलं जेवण. उद्या पुढचं."

पुढचं काही नव्हतंच. बुधवारी चाचणीसाठी आम्ही याच वेळी कॅमेरा लावला होता, ते मी काढून ऐकलं. "तर कुठे होतो आपण? नाक्याच्या अलीकडे." तोच ट्रक, तीच पायरी, तीच चप्पल. चार वर्षं, रोज, भाताबरोबर.

मग मी चित्र खाली फिरवलं. खाटेखाली माझी टिकली बसली होती, मांडी घालून, बाहुली घेऊन. बाहुलीला तिने उलट्या घमेल्यावर बसवलं होतं. हळूच उचललं, जमिनीवर ठेवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. आवाज आला नाही, पण आईला पोरीचे ओठ वाचता येतात. उतर बाळा.

मी लॅपटॉप मिटला.

नवरा परत आला तेव्हा मी त्याला एवढंच विचारलं, "तुला कुणी मोठी बहीण होती का?"

तो टिकलीच्या मानेवरचे केस झटकत होता. हात थांबला नाही. "मी इकडे आल्यावर जन्मलो."

"ते मला माहितीये. बाबांना सगळं कळतं, असं वाटतं मला."

"डॉक्टरांनी सांगितलंय कळत नाही. तुला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं का?" मग जरा मऊपणाने, "आईबाबांचं त्यांच्यात राहू दे गं. तू तुझी फिल्म कर."

म्हणजे त्याला माहीत होतं. वसाहतीत सगळ्यांनाच माहीत होतं. फक्त सभागृहाच्या भिंतीवर ते लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवलं. "आई, आजपासून दुपारी मी भरवत जाईन बाबांना," म्हटलं. त्यांनी वाटी निमूट माझ्या हातात दिली. मी सासऱ्यांजवळ बसले, चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं नाही. मी गाणं म्हटलं, टिकलीला म्हणते तसं लाडीगोडी लावली. ओठ घट्ट मिटलेले. भात गार झाला. मग सासूबाई आल्या, चमचा घेतला, काठावर वाजवला. टिंग. त्यांनी लगेच आ केला.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्याशिवाय जेवतच नाहीत."

गटाला मी तो भाग आधी आवाज बंद करून दाखवला. डायरेक्टरने तो तीनदा मागे घेऊन बघितला. "काकू, त्या आजी डोळे पुसतात तो क्षण! हाच शेवट."

"आवाज खराब झालाय," मी म्हटलं. "पंख्यामुळे."

"मग काढून टाक. वर संगीत घालू."

खरं सांगितलं असतं तर त्याने तो आवाज सोन्यासारखा जपला असता. भिंतीवरच्या त्या ओळीखाली, सगळ्या वसाहतीच्या कानात ओतला असता. मी आवाज पुसला. पुसताना मला वाटत होतं, मी त्या दोघांना वाचवतेय.

फिल्म दाखवायचा कार्यक्रम सभागृहातच ठेवला. फिरत्या खुर्च्या मांडल्या होत्या, प्रत्येकाला एकेक चष्मा. म्हातारी माणसं चष्मे चढवून माना गोल फिरवत होती. कुणी हवेतच हात लावून बघत होतं. "अरे, हा तर आमचा दरवाजा!" "तुझा कसला, माझा! तुझ्या दाराला कडी तरी आहे का?" हशा पिकला. शेवटच्या प्रसंगाला मात्र माना फिरायच्या थांबल्या. आमच्या कॉलेजच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "याला म्हणतात सहजीवन." शेजारीण म्हणाली, "किती करते हो ही नवऱ्याचं!"

सासऱ्यांनाही चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. डायरेक्टरला हौस आली. "आजोबांनाही दाखवू या."

"नको," मी पटकन म्हटलं. "त्यांना त्रास होईल."

"बघू दे की," सासूबाई म्हणाल्या. "त्यांचीच तर गोष्ट आहे." त्यांनी स्वतः चष्मा घेतला, पट्टा कानावर टोचू नये म्हणून मागून बोटाने सैल केला आणि त्यांच्या डोळ्यांवर बसवला.

बाकीचे सगळे नको ते दिसलं की मान वळवू शकत होते. त्यांची मान वळत नाही. प्रसंग जिथे उघडतो तिथेच त्यांना बघत राहावं लागलं. समोर खाट, खाटेवर ते, हातात वाटी घेऊन ती. संगीत वाजत होतं. त्यांचा उजवा अंगठा खुर्चीच्या हातावर घासत होता, घासतच होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सासूबाई माझ्याजवळ सरकल्या. "माझा आवाज कुठे गेला गं?"

"पंख्यामुळे खराब झाला, आई."

"पंखा." त्या हसल्या. "तुझ्या कानात तरी गेला ना? बरं झालं. बाहेरच्या कुणी तरी ऐकायला हवंच होतं. या लोकांना काय, ते ट्रकातच होते."

"आई, हे बंद करा. पाया पडते तुमच्या. टिकली ऐकते सगळं."

त्यांनी टिकलीला जवळ ओढलं आणि तिच्या फ्रॉकचं सुटलेलं बटण लावायला घेतलं. "तुझं कॉलेज अजून एक वर्ष आहे ना? पोरीला माझ्याजवळ ठेवायचं की नाही, ते तू ठरव. मी काही म्हणत नाही." बटण लागलं. "आणि त्यांची दया येत असेल तर त्यांनाच विचार, बंद करू का म्हणून. एकदा पापणी मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. मी विचारलंय. तूही विचार."

तेवढ्यात डायरेक्टरने चष्मा काढला. सासऱ्यांचे डोळे माझ्यावर आले. मी विचारायला हवं होतं. सगळे आजूबाजूला होते, बाई माझ्याकडे बघून मान डोलावत होत्या, मला पूर्ण गुण मिळणार होते. मी वाकले, त्यांच्या पायांवरची चादर नीट केली आणि खुर्ची ढकलत त्यांना दाराकडे नेलं.

कार्यक्रमानंतरच्या सोमवारी मी कॉलेजला गेले. मंगळवारीही. टिकली आजीजवळ होती.

त्या दिवशी संध्याकाळी परत आले तेव्हा ती अंगणाच्या भिंतीवर चढून बसली होती, बाहुली मांडीवर. पडेल म्हणून मी धावले. तो शब्द तोंडापर्यंत आला आणि मी दातांमागे धरला. "खाली ये, बाळा," मी म्हटलं. इथे राहून मलाही आता जमायला लागलंय.

तिने हात पसरले. मी तिला उचलून घेतलं. घामेजलेल्या केसांना खडूचा वास येत होता. तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं, मग मान मागे घेऊन माझ्याकडे नीट बघितलं.

"आई, आजोबांनी त्या ताईला उतरवलं ना, तेव्हा आजी कुठे बघत होती?"