मी पोहत नव्हतो

मी बत्तीस वर्षं ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. मार्लसीत आज जी माणसं गाड्या चालवतात, त्यांतल्या निम्म्यांना मी कधी ना कधी नापास केलेलं आहे. निवृत्त झालो तेव्हा गावात कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात डॉक्टरीणबाईंनी माझा रक्तदाब मोजला आणि माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, "मिस्टर गॅरड, समुद्र तुमच्या दाराशी आहे. त्याचा काही उपयोग करता का?"

"बघतो ना रोज," मी म्हणालो.

माझी बायको एव्हरिल शेजारच्या खुर्चीत होती. ती हसली नाही. "उद्यापासून पोहायला जाईल तो," असं तिनं सांगूनही टाकलं.

किनाऱ्यावरच्या रांगेत आमचं एक लाकडी खोपट आहे, निळ्या दाराचं. उन्हाळ्यात आम्ही तिथे चहा पीत बसतो आणि वाऱ्याला शिव्या देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तिथे कपडे बदलले आणि पाण्यात गेलो. गुडघ्यापर्यंत. पोटऱ्यांना कुणीतरी पकडी लावल्यासारखं झालं. मागे फिरलो, तेवढ्यात एका लाटेनं मागून चापट मारली आणि मी दोन फूट पाण्यात बसलो. डोक्यावरून पाणी गेलं. उठलो, अंग पुसलं आणि कुडकुडत घरी आलो.

एव्हरिल दारातच उभी होती. माझे ओले केस बघून तिनं तोंडावर हात ठेवला. "लायनल! खरंच गेलास तू?"

आणि तिनं माझ्या ओल्या कपाळाची पापी घेतली. आमच्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झालीत. मंगळवारी सकाळी आमच्याकडे असलं काही होत नाही. मी तोंड उघडलं होतं, पाण्यात नुसता बसलो होतो ते सांगायला. पण तिनं विचारलं, "लांब गेला होतास?" आणि मी म्हणालो, "फार नाही."

इथेच सगळं बिघडलं.

बुधवारी मी खरंच पोहणार होतो. पण पाऊस होता. गुरुवारी समुद्र खवळलेला होता. शुक्रवारी काही नव्हतं, स्वच्छ होतं, आणि तरीही मी खोपटात बसून राहिलो. साडेआठला बाहेरच्या नळाखाली डोकं धरलं, टॉवेल भिजवला आणि घरी आलो. एव्हरिलनं ओट्सची लापशी करून ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात मी खोपटात किटली नेऊन ठेवली. मग छोटी शेगडी. मग तवा. नोव्हेंबर संपेपर्यंत माझं तिथलं सगळं बस्तान बसलं होतं. आठ वाजता दार आतून लावायचं, दोन पट्ट्या बेकन तळायचं, पावात घालून खायचं, आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचं. माझ्या आयुष्यात इतक्या शांत सकाळी मला कधी मिळाल्या नव्हत्या. जानेवारीत डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं तर रक्तदाब चक्क खाली आला होता. "बघितलंत, समुद्र काय करतो!" त्या म्हणाल्या. एव्हरिलनं माझा हात दाबला. मी जमिनीकडे बघत राहिलो. बाईंना वाटलं, मी लाजतोय. खरं तर मी लाजतच होतो.

एव्हरिल कधी फुशारक्या मारणारी बाई नव्हती. तिला तशी संधीच मी कधी दिली नव्हती. आता मात्र ती मासळीवाल्याकडे, चर्चमध्ये, गाण्याच्या मंडळात, जिथे जाईल तिथे सांगायची. लांबून दिसावी म्हणून तिनं मला नारिंगी रंगाची लोकरीची टोपी विणून दिली. "दिसतो का तो पाण्यात?" असं कुणी विचारलं तर म्हणायची, "मी नाही बाई बघायला जात. माझा जीव वर-खाली होतो." त्यामुळेच मी इतके दिवस निभावलो.

ग्वेन ही तिची गाण्यातली मैत्रीण. ग्वेनचा नवरा सिरिल माझ्याच वयाचा, चष्मा पुसत बोलणारा, अबोल माणूस. दिवसभर घड्याळं दुरुस्त करत बसायचा. एव्हरिल ग्वेनला म्हणायची, "अगं, हलव त्याला जरा. माझा लायनल बघ." ग्वेननं चार महिने ऐकून घेतलं आणि पाचव्या महिन्यात हलवलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सव्वाआठला खोपटाचं दार वाजलं. मला वाटलं, कुणाचं कुत्रं असेल. उघडलं तर काखेत टॉवेल धरून सिरिल उभा.

"ग्वेननं पाठवलंय," तो म्हणाला. "म्हणाली, लायनलबरोबर जा."

मग त्यानं तव्याकडे बघितलं. बेकन चुरचुरत होतं. त्यानं माझ्या कोरड्या केसांकडे बघितलं, कोरड्या पायांकडे बघितलं, शब्दकोड्याकडे बघितलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं, तरी तेच दिसलं.

"आज जरा खांदा धरलाय," मी म्हणालो.

"हं," सिरिल म्हणाला. "मग तू बस."

मला वाटलं, आता हा आत येईल, मी त्यालाही पाव देईन, आणि आम्ही दोघं मिळून बसू. मनातून मला ते आवडलंही असतं. पण सिरिलनं कपडे काढून नीट घडी घातली, चष्मा त्यांच्यावर ठेवला आणि तो पाण्याकडे चालायला लागला. त्याचे पाय बगळ्यासारखे बारीक. थांबला नाही, ओरडला नाही. छातीपर्यंत गेला आणि पोहायला लागला. सावकाश, डोकं वर ठेवून. लहानपणी शिकलेला असावा. दहा मिनिटांनी आला तेव्हा निळा पडला होता आणि दात वाजत होते. मी त्याला चहा दिला.

"कसं होतं?" मी विचारलं.

"भयंकर," तो म्हणाला आणि हसला. त्याचे दात मी पहिल्यांदाच बघितले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. माझ्या खांद्याची त्यानं पुन्हा चौकशी केली नाही. आला की कपडे काढायचा, जायचा, यायचा, चहा प्यायचा. मी त्याला कुणाला सांगू नकोस असं कधी म्हणालो नाही. म्हणावं लागलंच नाही.

एप्रिलच्या एका रविवारी आम्ही त्या नवरा-बायकोला चहाला बोलावलं. एव्हरिलनं केक केला होता. पहिला कप संपायच्या आत तिनं विषय काढलाच.

"काय सिरिल, जमतंय का? लायनलच्या पंगतीला बसायला वेळ लागेल हं तुला. तो ऑक्टोबरपासून जातोय, हिवाळाभर!"

सिरिलनं केकचा तुकडा तोंडात घातला. मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो.

"छे, त्याची नि माझी काय बरोबरी," सिरिल म्हणाला. "तो असतो म्हणून मी जातो."

"आणि ओरडतोस की नाही थंडीनं? खरं सांग!"

"कधी कधी," सिरिल म्हणाला. तो कधीच ओरडला नव्हता.

एव्हरिल हसली, ग्वेन हसली, आणि नवऱ्याच्या पाठीवर थोपटत ग्वेन म्हणाली, "शिकेल हळूहळू." सिरिलनं मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर रागाची एक रेघ नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं. जो रोज जात होता तो शिकाऊ ठरला होता आणि गुरू घरात बसून केकचा दुसरा तुकडा घेत होता.

पाहुणे गेल्यावर एव्हरिल बशा विसळत होती, मी पुसत होतो. मी म्हणालो, "एव्हरिल, मी पोहत नाही."

"उद्या सुट्टी घे मग."

"नाही. म्हणजे पोहत नव्हतोच. कधीच."

नळ वाहत राहिला. मग तिनं तो बंद केला.

"पहिल्या दिवशी तर भिजून आला होतास."

"बसलो होतो."

"बसला होतास?"

"लाटेनं बसवलं. कमरेएवढ्या पाण्यात. नाही, तेवढंही नसेल."

"मग सहा महिने रोज सकाळी काय करत होतास?"

मी सांगितलं. शेगडी, तवा, शब्दकोडं. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. बेकनवर आल्यावर मात्र तिचा आवाज चढला. "आणि वर घरी येऊन लापशी खायचास? माझ्यासमोर बसून? दोन-दोन नाश्ते?"

मी हातातली बशी पुसत राहिलो. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"मी टोपी विणली तुला," ती म्हणाली आणि वर निघून गेली.

सकाळी ती खाली आली ती हातात कागद घेऊन. त्यावर अकरा नावं होती. "एवढ्यांना मी सांगितलंय," ती म्हणाली. "कोट घाल."

"एव्हरिल, आपण सांगितलंच पाहिजे का? हळूहळू विसरतील लोक."

"मी विसरणार नाही. कोट घाल."

त्या दिवशी मार्लसीच्या मुख्य रस्त्यावर मी दहा वेळा मेलो. एव्हरिल बाजूला उभी राहायची, पर्स दोन्ही हातांत धरून, आणि मी म्हणायचो, "नमस्कार. माझी बायको म्हणाली असेल की मी समुद्रात पोहतो. तर मी पोहत नाही." लोक माझ्यावर रागावले असते तर सोपं गेलं असतं. पण आमच्याकडची माणसं सभ्य. "अरे, हरकत नाही," म्हणायची आणि घाईघाईनं हवामानावर बोलायला लागायची. पाद्रीबाईंनी तर माझेच आभार मानले, कशाबद्दल ते मला अजून कळलेलं नाही.

मासळीवाला पर्सी मात्र सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "मिस्टर गॅरड, तिसऱ्या वेळेला तुम्ही मला नापास केलंत, आठवतं?"

"नाही आठवत, पर्सी."

"मला आठवतं. मी आरशात न बघता बघितल्यासारखं केलं म्हणून. तुम्ही म्हणालात, चुकणारा चालेल, सोंग करणारा नको." तो थोडा थांबला. "कॉड देऊ का ताजा?"

एव्हरिलनं कॉड घेतला. दुकानाबाहेर आल्यावर तिचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, रडते आहे. बघितलं तर हसू दाबत होती. "माझ्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "मी अजून रागावलेली आहे."

अकरावं नाव ग्वेनचं होतं. तिच्या दाराशी एव्हरिलचं हसू गेलं. "इथे मी बोलते," ती म्हणाली. "हिला मी टोचून टोचून बोलले आहे."

ग्वेननं आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. सिरिल कोपऱ्यात एक घड्याळ उघडून बसला होता. एव्हरिलनं सगळं सांगितलं, स्वतःलाही न वगळता. मला वाटलं, ग्वेन हसेल, निदान तिला थोडा आनंद तरी होईल. तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे हा एकटा होता पाण्यात?" ती म्हणाली. एव्हरिलकडे नाही, माझ्याकडे बघून. "गेल्या वर्षी छातीत कळ आली म्हणून दोन दिवस इस्पितळात होता हा. कुणाला सांगू नको म्हणाला, म्हणून सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, पोहा, पण एकटे जाऊ नका. तू बरोबर आहेस म्हणून मी पाठवत होते, लायनल."

"ग्वेन, मला काही झालं नाही," सिरिल म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्याशी नंतर बोलते." मग पुन्हा माझ्याकडे वळली. "तू बघत तरी होतास का त्याच्याकडे?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. पण एक सकाळ मला आठवली. मी कोड्यातून मान वर केली तर पाण्यात कुणी नव्हतं. मी उठून उभा राहिलो. मग पाण्यात शिरलेल्या लाकडी बांधाच्या पलीकडे त्याचं डोकं दिसलं, आणि मी पुन्हा खाली बसून अडलेला शब्द शोधायला लागलो होतो. तो शब्द मला सापडलाही होता.

"रोज नाही," मी म्हणालो.

ग्वेननं आमच्यासमोरचे कप उचलले. चहा अजून गरम होता. आम्ही उठलो. घरी एव्हरिलनं तो कॉड केला, पण दोघांच्याही ताटात तसाच राहिला.

तीन आठवडे ग्वेन गाण्याला आली नाही. सिरिल समुद्रावर आला नाही. मी खोपटातला तवा घरी आणला आणि सकाळी फक्त चालायला जायचो, लोकांची नजर चुकवत. एव्हरिलनं ग्वेनला दोन पत्रं लिहिली. दुसरं मला वाचून दाखवलं. त्यात माझा उल्लेख नव्हता, तिनं स्वतःबद्दलच माफी मागितली होती. ते ऐकताना मला जेवढी शरम वाटली, तेवढी अकरा दारांत मिळूनही वाटली नव्हती.

मेच्या सुरुवातीला ग्वेनचा फोन आला. एव्हरिलकडे नाही, माझ्याकडे.

"तो घरात नुसता धुसफुसतोय," ती म्हणाली. "घड्याळंसुद्धा उघडत नाही. मला उभं राहवत नाही वाऱ्यात. तू जायचंस."

"मी पोहायला शिकेन, ग्वेन. शपथ."

"काही नको. दोघांना कोण काढणार बाहेर? काठावर उभा राहा. त्याच्यावरून नजर हलवायची नाही. एवढं जमेल?"

जमेल, मी म्हणालो.

तेव्हापासून रोज आठला मी पाण्याच्या कडेला उभा असतो, रबरी बूट घालून, सिरिलचा टॉवेल खांद्यावर आणि चष्मा खिशात. येणारे-जाणारे काहीतरी बोलतात, कधी टोमणा, कधी नुसतं गुड मॉर्निंग. मी बघत नाही कोण आहे ते. पोहणारं डोकं लाटेमागे जातं तेव्हा मी मोजायला लागतो. चारपर्यंत वर आलं नाही तर एक पाऊल पाण्यात टाकतो.

परवा मागून वाळूत पावलं वाजली. "कुठे आहे?" ग्वेनचा आवाज आला.

मी बोट दाखवलं. ती माझ्या मागे बराच वेळ उभी असावी, कारण वाऱ्यात तिच्या कोटाची फडफड ऐकू येत होती.

"खोपटाची किल्ली दे," शेवटी ती म्हणाली. "चहा ठेवते."

मी किल्लीचा हात मागे केला. मान वळवली नाही.