अक्कांच्या नाकातली चमकी

माझी धाकटी नणंद लता धरणगावहून आमच्याकडे धुळ्याला आली, की आधी आईचं नाक बघते, मग आईला. अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन वर्षांपासून अंथरुणावर आहेत. अर्धं अंग गेलंय, बोलणं जवळपास बंद. नाकात मात्र त्यांच्या लग्नातली हिऱ्याची चमकी आहे, आणि सगळ्यांचा जीव त्या चमकीत.

मला कुणी विचारत नाही. मला फक्त आठ दिवस झोप हवी आहे. आठ दिवस अक्कांना कुणीतरी न्यावं, एवढंच मागते. पण लताकडे कधी पाहुणे, कधी कापूस वेचणी. आणि आमचे हे म्हणतात, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. गोड बोलून राबवून घ्यायचं, दुसरं काय!

परवा लता आली, आईवर वाकली आणि पाणीही न पिता म्हणाली, "वहिनी, हा हिरा बदलला तर नाही ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. मी सांगितलं, अक्कांच्या तोंडाला दोन वेळा तेल लावते, नाहीतर कातडी फाटते. हिऱ्याला तेल धरतं, म्हणून तो मंद दिसतो. या महिन्यात धुवायला सवड झाली नाही, खरंय. तिला काही पटलं नाही. म्हटलं, मग आज तूच धू बाई.

वाटीत कोमट पाणी घेतलं, शाम्पूचे दोन थेंब टाकले. खाली परात ठेवली, नाहीतर हिरा निसटला तर मोरीत शोधत बसा. लता टूथपेस्ट आणायला उठली, पैंजणांना लावते तशी. मी अडवलं, सोन्यावर ओरखडे पडतात. फिरकी सोडवायला तिला पाऊण तास लागला. आईची मान सावरायची, लाळ पुसायची, त्यातच नाकात बोट घालून फिरकी फिरवायची. अक्का कण्हल्या की ही बोट काढून घ्यायची. मी मुद्दाम मदत केली नाही.

चमकी थोडा वेळ भिजवली, लहान मुलांच्या मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासली, स्वच्छ पाण्यातून काढून मलमलीने टिपली. हिरा असा लखलखला की लताचा जीव भांड्यात पडला. माफी वगैरे काही नाही. उलट मलाच सांगते, दर आठवड्याला असं धुवत जा.

मग मात्र मी बोलले. हिरा खरा निघाला ना, आता आठ दिवस आईला घेऊन जा. ती पुटपुटायला लागली, घर लहान आहे, नवरा काय म्हणेल.

तेवढ्यात अक्का बोलल्या. शब्द अडखळत होते, पण कळत होते.

"लता, माले लई जाय. हाई पोर थकी गयी."

मला घेऊन जा म्हणाल्या, आणि थकलेली पोर म्हणजे मी. अक्कांना काही कळत नाही असं धरून मी किती वेळा त्यांच्या उशाशी बसून म्हटलंय, देवा, यांना सोडव आणि मलाही सोडव. ते सगळं त्यांनी ऐकलं होतं.

लताने फोन करून गाडी सांगितली. मी अक्कांचे कपडे पिशवीत भरू लागले आणि रडू आवरेना. लाजेने मान वर होत नव्हती. तरीही, जाऊ नका, असं काही माझ्या तोंडून निघालं नाही.